हो डॉक्टरची खोली

"मेलेल्या माणसाची गोष्ट आहे, मधात मस्करी नको," बापूजींनी आधीच बजावलं. लाइट जाऊन अर्धा तास झाला होता. ओट्यावर पाच-सहा तरुण पोरं कंदिलाभोवती सरकून बसली. "आणि ज्याच्यावर गुदरलं तो रुपराव माझा शेजारी. त्यानं स्वतःच्या तोंडानं जे सांगितलं तेच सांगून राहिलो. पदरचं काही नाही."

गोष्ट एकाहत्तरची. डिसेंबरची सात तारीख, मंगळवार. लढाईला तोंड फुटून चार दिवस झाले होते. आपल्या पारशिवनीवर कोण कशाला बॉम्ब टाकेल! पण नागपूरकडे दिवे मालवतात असं कानावर आलं आणि इथल्या हौशी लोकांनीही खिडक्यांना काळे कागद चिकटवले. अंधार पडला की हवालदार शिटी फुंकत फिरायचा.

रुपरावची खालची दाढ दोन दिवसांपासून ठणकत होती. गाल टम्म फुगलेला. साडेसातच्या सुमारास बायकोनं, प्रेमिलानं, टॉर्च मारून तोंडात पाहिलं.

"पार सडली जी हे दाढ. काळी ठिक्कर पडली. जा, भैय्याजीकडून लवंगाचं तेल तरी घेऊन या."

गावात दाताचा डॉक्टर नव्हता. म्हणजे, एके काळी होता. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत होता, आणि तोही रुपरावच्याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत.

त्याचं आडनाव हो. जातीचा चिनी. "नाव काय तुमचं?" म्हणून विचारलं की म्हणायचा, "हो." "अवो, नाव, नाव विचारून राहिलो!" "हो." सारा बाजार हसायचा आणि तोही हसायचा. पंधरा वर्षांचा असताना चुलत्याबरोबर बोटीनं कलकत्त्याला आला. दोघांनी हत्यारांची लाकडी पेटी घेऊन रेल्वेच्या गावोगाव दात काढले, कवळ्या बसवल्या. चुलता कामठीत वारला. उरला एकटा हो आणि ती पेटी. सेहेचाळीस साली तो आपल्या आठवडी बाजारात येऊन बसला आणि रुपरावच्या वडिलांनी, चंपतरावांनी, त्याला ती खोली दिली.

तिथंच तो सोळा वर्षं राहिला. लग्न नाही, पोरबाळ नाही. 'मले', 'तुले', 'काहून' असं आपल्यासारखंच बोलायचा. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर मिटक्या मारत खायचा. रुपरावच्या आईचे, रुखमाबाईचे, सगळे दात पडले तेव्हा त्यानं महिनाभर खपून तिची कवळी केली. पहिल्या दिवशी म्हातारीनं भाजलेले चणे फोडून खाल्ले आणि साऱ्या आळीला दाखवले. रात्री जेवण झालं की तो दातांवर बसवायच्या टोप्या घडवत बसे. इवलीशी हातोडी होती त्याची. टुक्... टुक्-टुक्. त्या आवाजातच रुपराव लहानाचा मोठा झाला.

पण मोठा झाल्यावर त्याला कापडाचं दुकान टाकायचं होतं, आणि रस्त्यावरची खोली ती एकच. चंपतराव मरताना सांगून गेलेले, "हो आहे तोवर खोली त्याची." त्यामुळे 'जा' म्हणायला तोंड नव्हतं.

बासष्टच्या ऑक्टोबरात चीनशी लढाई पेटली. नोव्हेंबरात एके दिवशी हवालदारानं रुपरावला चौकात थांबवलं. "काहून गा, तो चिनी काही वावगं तर नाही करत?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? रुपरावनं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "रातच्याला आवाज येते. टुक्-टुक् करते. पोस्टात तार करतात तसा."

बस. एवढंच बोलला.

तिसऱ्या दिवशी जीप आली. डॉक्टरच्या खुर्चीत गोपिका बसली होती, आळीतलीच बाई. तो पोलिसांना म्हणाला, "पाच मिनिटं द्या साहेब, बाईची दाढ अर्धी हालली आहे." नाही दिली. जीपमध्ये चढता चढता त्यानं गर्दीत रुपरावला हुडकलं. "रुपराव, खोलीकडे ध्यान दे. मी आलोच."

त्या रात्री रुखमाबाईनं कवळी काढून फडक्यात बांधली. मुलाला एकच विचारलं, "हातोडीचा आवाज तुले ओळखू आला नाही काय रे?" पुढे सहा वर्षं जगली. पातळ कण्या पिऊन जगली, पण कवळी तोंडात घातली नाही.

त्रेसष्टच्या पावसाळ्यात एक पोस्टकार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं. राजस्थानातल्या छावणीत हो डॉक्टर उन्हाळ्यातच तापानं गेला होता. शेवटपर्यंत छावणीतल्या लोकांचे दात पाहत होता म्हणे. तोवर खोलीत कापडाचं दुकान लागलं होतं.

बापूजी थांबले. कुणीतरी कंदील जवळ ओढला.

"तर, सात डिसेंबर."

किराणावाल्या भैय्याजींचं घर आळीच्या दुसऱ्या टोकाला. रुपरावनं तेलाची बाटली घेतली, बोळ्यावर दोन थेंब घेऊन दाढेला लावले आणि परत फिरला. चंद्र अजून निघायचा होता. सगळी आळी काळी. शिटीही लांब कुठेतरी, तळ्याकडे. तो भिंतीला हात लावत चालला होता.

आपल्या दुकानापाशी आला, तर दाराखाली उजेडाची फट.

आधी त्याला रागच आला. प्रेमिलानं दिवा ठेवला असेल, हवालदार पाहील, उगाच चार लोकांत बोभाटा. मग आठवलं. दुकानाची किल्ली आपल्याच कमरेला आहे.

त्यानं कुलपाला हात घातला. कुलूप उघडं होतं.

दार ढकललं.

कापडाचे गठ्ठे नव्हते. फळ्या नव्हत्या. मधोमध खुर्ची होती, आणि बाजूला स्पिरिटचा दिवा निळा जळत होता. पाठमोरा माणूस हात धूत होता. अंगावर तोच पांढरा कोट, कोपरावर ठिगळ लावलेला.

"बस, रुपराव."

पाय आपणहून गेले. तो बसला.

हो डॉक्टर वळला. चेहरा तसाच होता. वय वाढलेलं नव्हतं. ओठ तेवढे सुकून फाटले होते, आणि भुवयांमध्ये बारीक वाळू.

"लय दुखते?"

रुपरावनं मान हलवली. नऊ वर्षं मनात दाबलेलं एकदम तोंडाशी आलं. "डॉक्टर, मी... त्या हवालदारले मीच..."

"तोंड उघड."

"नाही, आधी ऐका माझं. तो आवाज..."

"तोंड उघडं ठेव. बोलू नको."

बोटं तोंडात गेली. थंड. विहिरीच्या तळासारखी थंड. रुपराव बोलायला पाहत होता. जीभ हलत होती. शब्द होईना. नुसतं 'आ... आ...'

डॉक्टर ऐकत होता की नाही, कळेना. तो नेहमीसारखाच दाढेकडे पाहत होता. डोळ्यांत राग नव्हता.

राग असता तर बरं झालं असतं.

चिमटा लागला. रुपरावनं डोळे मिटले. गालावरून पाणी वाहू लागलं. दुखत नव्हतं... काहीच दुखत नव्हतं.

कट्.

"झालं."

कापसाचा बोळा दाबून बसवला. "आता बोलायचं नाही. बिलकुल नाही."

रुपरावनं त्याचा हात धरला. डोळ्यांनीच विनवलं. एक शब्द... एकच...

डॉक्टरनं हळूच हात सोडवून घेतला. दिव्यावर झाकण ठेवलं.

अंधार.

...

प्रेमिला वाट पाहून दुकानात आली तेव्हा तो कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये जमिनीवर बसला होता. दार उघडं. तोंड घट्ट मिटलेलं. तिनं कितीदा हाका मारल्या. तो सकाळपर्यंत बोलला नाही.

सकाळी गाल उतरलेला होता. प्रेमिलानं टॉर्च आणली, तोंडात पाहिलं आणि टॉर्च तशीच धरून राहिली. "अवो... दाढच नाही इथं."

रुपराव अंघोळही न करता चौकात गेला. हवालदार पानठेल्यावर होता, तोच, बासष्टचा. त्याच्यासमोर, चार माणसांत, रुपराव सगळं बोलला. आवाज हातोडीचा होता. मला ठाऊक होतं. मला खोली पाहिजे होती. मी त्या वेळी तिथंच उभा होतो, पोट्टेहो. वाटलं, कुणी थुंकेल त्याच्यावर. हवालदारानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"कायले जिवाले लावून घेता, रुपरावजी? तेव्हा देशाचं काम केलं तुम्ही. अन् तो माणूसच राहिला नाही, आता कोनाले सांगता?"

लोक 'बरोबर आहे' म्हणाले. कुणीतरी त्याला चहा पाजला. त्या चहाचा कप हातात धरून रुपराव जसा रडला तसा मी बाप मेल्यावरही कुणाला रडताना पाहिलेला नाही. त्याच आठवड्यात त्यानं दुकान उचललं. खोली रिकामी ठेवली. कुणाला दिली नाही, स्वतःही कधी वापरली नाही.

आपलं डोकं फिरलं की काय, या भीतीनं पुढच्या सोमवारी तो नागपूरला, सीताबर्डीत, दाताच्या डॉक्टरकडे गेला. सोबत मी होतो. दाढ कधी पडली ते पाहा, एवढंच सांगितलं. त्या तरुण डॉक्टरनं आरसा घालून पाहिलं. बोटानं दाबून पाहिलं. कुठे जखम नाही, खड्डा नाही. हिरडी गुळगुळीत, भरलेली.

"पडली नाही, काढली आहे," तो म्हणाला. "आणि काढून आठ-नऊ वर्षं तरी झाली असावीत."

मग पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

"कुणी काढली हो? हात फार हलका होता त्याचा."