जास्वंदीवरची कुंदा

तळेगावच्या स्मृतिवनस्पती प्रयोगशाळेत सबनीस आले तेव्हा त्यांनी जास्वंदीची कुंडी छातीशी धरली होती, आजारी लेकराला दवाखान्यात आणावं तशी.

"कुंदा बोलेनाशी झालीय," ते म्हणाले. "काल नुसतं हूं केलं. आज तेही नाही."

कुंदा ही त्यांची बायको. ती जाण्याआधी तिच्या आठवणी या झाडाच्या रसात प्रथिनांच्या साखळ्यांनी लिहून ठेवल्या होत्या. शास्त्रज्ञ त्याला रसलेख म्हणत. पानाच्या शिरेला पर्णवाचक लावला की रसलेख बोले आणि समोरच्याचं बोलणं, त्याचा स्पर्श नव्यानं लिहूनही घेई. बाई गेल्या खऱ्या, पण संसार चालू होता.

कीटकतज्ज्ञ हेमांगी रेगेनं एक पान उलटलं. देठाच्या बगलेत पीठ सांडल्यासारखं पांढरं दिसत होतं.

"पिठ्या ढेकूण. रस शोषतात."

"मग फवार की औषध," रसलेखाचा जनक निरंजन घारपुरे म्हणाला. त्याला सगळं सोपंच वाटे. "कीड गेली की झाड सुधारेल."

"झाड सुधारेल रे. पण रसलेख झाडात उरलाय कुठे? तो यांनी प्यायलाय. यांच्या पोटात जिवाणू असतात, आईकडून पिल्लांना मिळतात. तुझ्या साखळ्या त्या जिवाणूंनी उतरवून घेतल्या असतील तर?"

"तर प्रत्येक किडीत अख्खी..." निरंजन बोलता बोलता थांबला.

हेमांगीनं कुंचल्यानं एक कीड उचलून पर्णवाचकावर ठेवली.

"अहो," कुंदाताईंचा आवाज आला, "चहा घेतलात का?"

सबनीस ढसाढसा रडले. हेमांगीचेही डोळे भरून आले. तिनं ती कीड परत पानावर सोडली आणि पर्णवाचक फांदीलाच टेकवला. तोच आवाज आता शेकडो ठिकाणांहून मागेपुढे उमटू लागला.

"अहो, कापूस नका ना आणू. अहो, माझ्या शेजारची कुठे गेली? अहो, हात तुमचाच आहे, ओळखते मी."

"कापूस कसला?" निरंजननं विचारलं.

सबनीसांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "झाडावर घाण दिसायची हो. मी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसायचो. तिला टापटीप लागायची म्हणून."

हेमांगीला भीती वाटली. किडीची नव्हे, आपल्याला आता जे सांगावं लागणार त्याची.

"यापुढे एकीलाही हात लावणार नाही," सबनीस म्हणाले. "सगळ्या राहू देत."

"काका, या वाढतच जातात. नराचीही गरज नसते यांना. सगळ्या ठेवल्या तर झाड वाळेल आणि झाडाबरोबर सगळ्याच जातील. दुसऱ्या झाडावर नेल्या तरी तेच. थोड्या जगवायच्या तर बाकीच्या पुसतच राहावं लागेल."

"पण प्रत्येकीत ती अख्खी आहे ना?"

"अख्खी."

"अहो," फांदीवरून सगळ्यांनी विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

सबनीसांनी पर्णवाचक काढून टेबलावर ठेवला.

"कापूस द्या," ते म्हणाले.