दसऱ्याला गप्प राहिलेली घंटा

"मी फक्त आपट्याची पानं ठेवली, ताई," योगिनी म्हणाली. "बटनाले हात बी नाही लावला."

अनसिंगला अजितकुमारांचं शीतगृह आहे, तिथे गुरांच्या लसी असतात. दसऱ्याच्या संध्याकाळी थंडाव्याचं यंत्र बंद पडलं. अशा वेळी संगणकाने घंटा वाजवायची असते. ती वाजली नाही आणि लसी वाया गेल्या. दुसऱ्या दिवशी अजितकुमारांनी तिथला संगणक सांभाळणाऱ्या योगिनीला हमालांसमोर बेइमान ठरवून घरी बसवलं, वर पोलिसांची धमकी. चौकशी करायची तसदी कुणी घेतली नाही.

योगिनीने बोलावल्यावर सन्मती वाशीमहून आली ती याच गोष्टीच्या रागात. खाजगी तपास हा तिचा धंदा. सोबत एसटीतून निवृत्त झालेला जगदेव, गाडी चालवायला आणि शंका काढायला.

अजितकुमारांनी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. दसऱ्याच्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, योगिनी संगणकासमोर. "याच मिनिटाले घंटेचा प्रोग्राम बंद झाला. अजून काय पुरावा पाहिजे?"

"कॅमेरा कधी बसवला?" सन्मतीने विचारलं.

"महिना झाला. पोरी काम करतात का मोबाईल पाहतात, ते समजाले नको? लखनले बजावलं, काही झालं तरी कॅमेरा बंद पडला नाही पाहिजे."

लखन संगणक दुरुस्त करणारा. "तशी सेटिंग करून देली मी," तो म्हणाला. "समोर कोणी हललं का कॅमेरा जास्त चित्रं साठवते. पण तेवापासून मशीन सुस्त होऊन राह्यली."

"मग काम कसं चालायचं?" सन्मतीने योगिनीला विचारलं.

"रोज सकाळी बंद करून चालू करत होती मी. मंग दिवसभर बरी चाले."

"नवमीला केलंस?"

"नवमीले तं पूजा मांडली. पूजेतल्या मशीनले दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, शेठनंच सांगितलं."

संगणकावरचं हळदीकुंकू अजून तसंच होतं. सन्मतीने लखनला संगणकाची स्वतःची नोंद उघडायला लावली आणि ती वाचून सगळ्यांना बसवलं.

"प्रोग्राम बंद पडला नाही, मारला गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी."

"मारला कोनं?" जगदेवने विचारलं.

"संगणकानेच. चालू प्रोग्राम मेमरीत जागा अडवतात. सगळी जागा भरली की संगणक स्वतःला वाचवायला एकाला मारतो, बहुतेक सर्वात जास्त जागा अडवणाऱ्याला. इथे तो कॅमेऱ्याचा प्रोग्राम होता. रोज सकाळी योगिनी मशीन बंद करायची तेव्हा जागा मोकळी व्हायची. नवमी-दसरा तुम्ही हात लावू दिला नाही, जागा भरत गेली."

"मंग कॅमेराच मरायले पायजे होता," जगदेव म्हणाला.

"त्याला मारायचं नाही, असा हुकूम होता ना! मग त्याच्याखालोखाल जागा घेणारा गेला, तो घंटेचा."

"पण नेमका ती आली तेवाच?" अजितकुमारांनी विचारलं.

"ती पानं ठेवायला आली, हलली, कॅमेऱ्याने जास्त चित्रं साठवली आणि उरलेली जागा संपली. जिच्यावर पाळत ठेवली, तिलाच तुमच्या पाळतीने गुन्हेगार केलं. लाज वाटायला पाहिजे, शेठ."

लखनने मान खाली घातली. अजितकुमारांनी पडद्यावरचं चित्रण बंद केलं.

"उद्यापासून ये कामावर," ते पुटपुटले.

योगिनी जागची हलली नाही. "हमालांसमोर बेइमान म्हटलं मले. त्यायच्यासमोरच सांगा. मंग येईन."

अजितकुमार उठले आणि हमालांना बोलवायला बाहेर गेले.