रात्री थांबलेलं दुसरं माणूस

दुपारचं जेवण झाल्यावर भावोजी आरामखुर्चीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडावर घेऊन झोपले होते, तेव्हा बेल वाजली. आतून वहिनी म्हणाल्या, "बघा हो कोण आहे ते. नवऱ्यावर पाळत ठेवायची असेल, तर उद्या या म्हणावं."

वहिनींना अलीकडे सगळ्याचाच कंटाळा आला होता. खासगी तपासाचा धंदा मूळचा भावोजींच्या थोरल्या भावाचा. तो गेल्यावर वहिनींनी हातात घेतला आणि त्याच्यापेक्षा चांगला चालवला. पण कामं तीच, कोणाचा नवरा कुठं जातो आणि कोणाची मुलगी कोणाबरोबर फिरते. भावोजी गाडी चालवायचे आणि तर्क लढवायचे. गाडी बरी चालवायचे.

दारात वरच्या मजल्यावरची मुलगी उभी होती. ती एका हॉटेलच्या काउंटरवर रात्रपाळी करायची. वडील अंथरुणाला खिळलेले. दिवसा त्यांच्यापाशी ती, रात्री तिचा भाऊ, अशी त्या घराची घडी बसलेली होती. आज तिचे डोळे सुजले होते.

"काकू, मला कामावरून काढतायत," ती म्हणाली. "आणि नुसतं काढत नाहीत. मी पैसे घेऊन एका बाईला वर सोडलं म्हणतात."

तिला पाणी देऊन वहिनींनी सगळं नीट काढून घेतलं. हॉटेलचा कडक नियम होता: खोलीत पाहुण्यांना रात्री थांबवायचं नाही, भेटीगाठी खालीच उरकायच्या. नियम मोडला तर खोली घेणाऱ्याला समज आणि काउंटरवरच्या माणसाला घरचा रस्ता. काल वरच्या मजल्यावर एक औषधवाला उतरला होता, औषधकंपनीचा फिरता विक्रेता, नेहमी येणारा. आज सकाळी ती घरी आल्यावर मालक अचानक हॉटेलात आले, तर त्याच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना कोणी झोपल्याच्या खुणा आणि उशीवरच्या टॉवेलला काजळ. मालक संध्याकाळी निकाल देणार होते. ही गोष्ट एकदा पसरली की या गावातलं कुठलंच हॉटेल तिला दारात उभं करणार नव्हतं, आणि रात्रीची दुसरी नोकरी काही रस्त्यावर पडलेली नव्हती.

"तुला डुलकी लागली असेल का गं?" भावोजींनी विचारलं.

"नाही काका. जिना माझ्या काउंटरसमोरूनच वर जातो. मागच्या दाराला आतून कुलूप असतं. कोणी आलं नाही."

वहिनींनी सुस्कारा सोडून चप्पल शोधायला घेतली.

हॉटेल तसं नीटनेटकं होतं, पण थकलेलं. दाराची काच पुसलेली, पण फुटलेला कोपरा चिकटपट्टीने सांधलेला. काउंटरमागे किल्ल्यांचा फळा, त्याच्यावर नियमांची पाटी. काउंटरवर मॅनेजर स्वतः उभे होते. पन्नाशी उलटलेला, अदबीने बोलणारा गृहस्थ. भावोजींची नजर प्रथम त्यांच्या केसांवर गेली. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर आता मोजकीच मंडळी उरली होती, त्यामुळे या वयात असे दाट काळेभोर केस पाहिले की त्यांच्या पोटात दुखायचं.

मॅनेजर म्हणाले, मुलगी चांगली होती, आपल्याला वाईट वाटतंय, पण नियम तो नियम. दिवसा काउंटर कोण सांभाळतं, असं वहिनींनी विचारलं. दिवसाचा माणूस सोडून गेल्यापासून आपणच, असं त्यांनी सांगितलं. बोलताना ते काउंटरला टेकून उभे होते आणि मध्येच एक जांभई त्यांनी मोठ्या शिताफीने खोकल्यात बदलली.

खोली मालकांनी जशीच्या तशी बंद करून ठेवली होती. सफाईच्या मावशींनी ती उघडली. पिकल्या केसांचा छोटा अंबाडा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आपल्यावर काही शेकू नये ही धास्ती तोंडावर स्पष्ट.

पलंग दोघांचा होता. डावीकडची चादर आणि ब्लँकेट विस्कटलेलं, उशी चेपलेली. उजवीकडे ब्लँकेट अजून गादीखाली ताणून खोचलेलं होतं. फक्त त्यावर लांबट खळगा पडला होता. उजव्या उशीवर एक पांढरा टॉवेल पसरलेला, आणि त्याच्या मधोमध काळा डाग. वहिनींनी डागावर बोट घासलं आणि बोटाकडे पाहिलं. बोट स्वच्छ होतं. मग त्या खुर्चीत टेकल्या, कारण त्यांचे गुडघे दुखत होते.

"मावशी, ही खोली तुम्ही सकाळीच का नाही झाडली?"

"दारावर पाटी होती ना बाई. दुहेरी असते ती. एका बाजूला 'खोली साफ करा', दुसऱ्या बाजूला 'त्रास देऊ नका'. 'त्रास देऊ नका' दिसत होतं. त्या पाटीच्या खोलीत पाऊल टाकलं तर मॅनेजरसाहेब पगार कापतात. मग मालक वर फेरीला आले, म्हणाले, याची किल्ली तर खाली फळ्यावर लटकतेय, म्हणजे माणूस बाहेर गेलाय, उघडा. म्हणून उघडली."

"त्या वेळी मॅनेजर कुठं होते?"

"मालकांच्या मागंच की."

भावोजींचा तर्क एव्हाना पूर्ण झाला होता. औषधवाल्याने त्या बाईला संध्याकाळी लवकर, मुलगी कामावर यायच्या आधी वर आणलं असणार. जिन्यात त्यांनी हे वहिनींच्या कानावर घातलं. वहिनी म्हणाल्या, "मग ती खाली कधी उतरली?" भावोजींनी त्यावर विचार सुरू केला.

औषधवाला खाली बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसला होता. बारीक कापलेले, जवळजवळ पांढरे केस, आणि दिवसभर डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळणाऱ्या माणसाचा सोशिक चेहरा. बायकोला कळलं तर काय, या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपण एकटेच होतो, असं तो शपथेवर सांगत होता.

"रात्री कोणीच आलं नाही का खोलीत?" वहिनींनी विचारलं.

"मॅनेजर आले होते. नळ गळत होता, खाली सगळं पाणी झालं. बिचारे स्वतः पाना घेऊन आले, बराच वेळ खटपट केली. त्या मुलीने त्यांना घरून बोलावलं असेल, नाहीतर ते गेलेच नसतील. सकाळीही इथेच दिसले."

"सकाळी निघताना दारावरच्या पाटीचं काय केलंत?"

"साफसफाईची बाजू लावली. मोरी चिखलाने भरलेली, टॉवेल ओले. मला तर परत आल्यावर खोली स्वच्छ हवी होती. किल्ली त्या मुलीकडेच दिली. ती घरी जायच्या तयारीत होती."

वहिनींनी त्याला चहा घ्यायला सांगितलं. त्याची बायको आपल्याकडे पाळत ठेवायचं काम घेऊन आलीच तर तिला परत पाठवू, असंही सांगितलं. त्याला त्यातली थट्टा कळली नाही, पण धीर आला.

राहिले मालक. ते मॅनेजरच्या खोलीत पंख्याखाली बसले होते. जाडजूड, घाईत असलेले, आणि या सगळ्याचा वीट आलेले. नियम त्यांचाच होता. आपलं हॉटेल घरंदाज लोकांचं आहे, असं ते पुनःपुन्हा सांगत राहिले. सकाळी न सांगता आलो ते बरंच झालं, म्हणाले. काउंटरवर चिटपाखरू नव्हतं, दोन-तीन हाका मारल्या, तेव्हा मॅनेजर जिन्यावरून धावत खाली आला. खोल्या तपासत होतो, म्हणाला.

"निदान तो तरी काम करतो," मालक म्हणाले. "मागचा मॅनेजर ड्युटीवर झोपलेला सापडला होता. त्याच दिवशी हाकलला मी त्याला."

 वहिनींनी सगळ्यांना आत बोलवायला सांगितलं. भावोजींच्या लक्षात आलं की त्यांना उत्तर सापडलंय, आणि ते सापडल्याचा त्यांना काही आनंद झालेला नाही.

मुलगी दाराशी उभी राहिली. मावशी तिच्या शेजारी, औषधवाला भिंतीला टेकून. मॅनेजर काउंटरचं दार ओढून शेवटी आले.

"आपण सगळे रात्रीबद्दल बोलतोय," वहिनींनी सुरुवात केली. "रात्री कोण आलं, जिन्यावरून कोण गेलं, मुलीला झोप लागली का. पण रात्रीचा इथं काही संबंधच नाही."

"म्हणजे?" मालकांनी विचारलं.

"हे सकाळी निघाले तेव्हा पाटीवर 'खोली साफ करा' होतं. न लावण्याचं त्यांना कारण नव्हतं, मोरीत चिखल होता. मावशी आल्या तेव्हा 'त्रास देऊ नका' होतं. मधल्या वेळात ती पाटी कोणीतरी उलटली. आत गेलेल्या माणसाला कोणी दार उघडलेलं नको होतं. म्हणजे तुमचं ते दुसरं माणूस या गृहस्थांबरोबर झोपलंच नाही. हे गेल्यावर झोपलं. आणि तोवर ही मुलगी घरी पोचली होती."

मुलीने मावशींचा हात धरला.

"किल्ली कुठं होती? काउंटरमागच्या फळ्यावर. दुसरी मावशींच्या जुडग्यात. मावशींना झोपायचं असतं तर त्यांनी उठून पलंग आवरला असता, तो त्यांचा रोजचा हातखंडा. आणि पाटीला घाबरून त्या दाराबाहेर थांबल्याच नसत्या. शिवाय त्यांचे केस पांढरे आहेत."

"केसांचं काय?" भावोजींनी विचारलं.

"भावोजी, काजळ तेलकट असतं. बोट लावलं की फिसकटतं. हा डाग बोटाला लागला नाही, कारण तो केव्हाच वाळून बसलाय. आणि काजळ लावणारी बाई उशीच्या मधोमध डोकं मागं टेकून झोपली, तर डाग डोळ्यांचा पडणार नाही, मागच्या केसांचा पडेल. मी दर महिन्याला माझे केस रंगवते. पहिल्या रात्री उशीवर जुना टॉवेल टाकते, नाहीतर घाम आला की अभ्रा वाया जातो. रंग लावणाऱ्या प्रत्येकाला ही सवय असते. चोरून झोपायला आलेल्या माणसालाही ती सुटत नाही."

भावोजींनी त्या दाट काळ्या केसांकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःच्या डोक्याबद्दल प्रथमच बरं वाटलं. लगेच त्याची लाजही वाटली.

"तो माणूस पांघरुणात शिरला नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "वरच्या वर आडवा झाला. त्याला फक्त थोडा वेळ पाठ टेकायची होती, आणि औषधवाल्यांच्या चादरीत झोपणं त्याला बरं वाटलं नाही, म्हणून कोरी बाजू घेतली. रात्री उशिरापर्यंत तो नळ दुरुस्त करत होता. सकाळपासून काउंटरवर होता. मग खालून मालकांची हाक ऐकू आली आणि तो टॉवेल, पाटी, सगळं तसंच टाकून धावला."

 मॅनेजरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"मी काजळ म्हणालो नव्हतो आधी," ते शेवटी म्हणाले. "मालकांनीच विचारलं, हे बाईचं काजळ का? मी हो म्हणालो. तेवढंच. मग ते म्हणाले, रात्री काउंटरवर कोण होतं." ते मुलीकडे वळले, पण तिच्या तोंडाकडे त्यांना बघवेना. "तू तरुण आहेस गं. तुला कुठंतरी मिळालं असतं काम. मला या वयात कोण घेणार?"

"साहेब, मला सांगायचं होतंत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी दोन तास जास्त थांबले असते. तुम्ही झोपला असता."

मॅनेजर रडले. रुमाल काढायचंही त्यांना सुचलं नाही. मावशी दुसरीकडे पाहू लागल्या.

मालक उठले. आपल्याला गोष्टी लांबवायला आवडत नाही, म्हणाले. मॅनेजरने आजच्या आज निघावं. मुलीची नोकरी कायम, तिच्यावर किटाळ आलं याचं वाईट वाटतं. "आणि दुसरा मॅनेजर मिळेपर्यंत," ते तिला म्हणाले, "दिवसाचंही तूच बघ. तुझ्यावर आता माझा विश्वास बसलाय."

भावोजींना वाटलं, चला, सुटलं एकदाचं. मुलीला बढतीच मिळाली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं तर वहिनी मुलीकडे पाहत होत्या.

मुलीला नोकरी हवी होती. तिला ती हवी होती हे तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून आंधळ्यालाही दिसलं असतं. तरी तिने नकारार्थी मान हलवली.

"साहेब, यांना काढू नका," ती म्हणाली. "यांना काढलंत तर यांचं काम माझ्याकडे येईल. मग थोड्या दिवसांनी त्या पलंगावर मी सापडेन. आणि तेव्हा तुम्ही मावशींना विचाराल, हिला वर कोणी सोडलं."

 पंखा कुरकुरत फिरत होता. औषधवाला आपल्या बॅगेचं बक्कल उगाच उघडझाप करत राहिला.

"दिवसासाठी माणूस बघायला लागेल," मालक शेवटी म्हणाले. नक्की कोणाला म्हणाले ते कळलं नाही, कारण ते खिडकीकडे पाहत होते.

"हो साहेब, बघतो," मॅनेजर म्हणाले.

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि नाही म्हणाले नाहीत.