कांताबाईंची पट्टी

पांढरकवड्यात वाद्यं दुरुस्त करणारा माणूस म्हणजे इकबाल. कापसाचे भाव पडले तशी त्या वर्षांत लग्नं दहा माणसांत उरकू लागली, गायन पार्ट्यांना कोणी बोलावीना. लोक मॅन्डोलिन, सतार, बुलबुलतरंग दुरुस्तीला टाकून जात आणि न्यायला येत नसत. इकबाल त्यांच्या तारा ढिल्या करी, म्हणजे लाकडाला ताण बसत नाही, आणि वाद्य भिंतीला टांगून ठेवी. भिंत भरत आली होती.

चैत्रातल्या एका दुपारी वीज गेली, समोरची पिठाची गिरणी थांबली आणि कांताबाई दुकानात आल्या. त्यांच्या हातात नवऱ्याची, डोमाजीची, लाल इलेक्ट्रिक गिटार होती, पंचवीस-तीस वर्षांची जुनी, कोपर घासून रंग उडालेली. भीमगीतांच्या कार्यक्रमात डोमाजी वाजवायचा, या गायच्या. कांताबाईंचा आवाज जाड, पेटीची दुसरी काळी पट्टी हीच त्यांची जागा. डोमाजी जन्मभर गिटार अर्धा सूर उतरवून त्या पट्टीवर लावत आला. बायको चढली नाही म्हणून मी उतरलो, असं चारचौघांत हसून सांगायचा. मागल्या वर्षी पुसदहून परतताना पार्टीची मॅटाडोर गाडी उलटली. डोमाजी गेला, गिटारीच्या मानेला चीर पडली, आणि त्या दिवसापासून कांताबाई गायल्या नाहीत.

इकबालने चीर पाहिली. वर्षापूर्वी त्यांनी दाखवायला आणली तेव्हा ती नखाएवढी होती, आता त्यात काडी शिरत होती. तारा ढिल्या ठेवायला सांगितलं होतं ना, असं तो जरा रागानेच म्हणाला.

ठेवते, पण सकाळी परत ताठ झालेल्या असतात, असं कांताबाईंनी खाली बघत सांगितलं. लेक मैत्रेयी हात लावत नाही, घरात तिसरं कोणी नाही.

उन्हाने लाकूड वाकून तारा ताणल्या जात असतील, असं इकबालला वाटलं. त्याने स्वतःच्या हातांनी सहाही तारा लोंबेपर्यंत सैल केल्या, गिटार टेबलावर ठेवली, दुकानाला कुलूप लावलं आणि दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेला. कांताबाई पायरीवर बसून राहिल्या.

परत येऊन त्याने कुलूप उघडलं. आत सरसाचा वास आणि बंद दुकानाची ऊब होती. तारा ताणलेल्या होत्या. त्याने जाड तार छेडली, मग पेटीचा भाता ओढून दुसरी काळी दाबली. दोन्ही सूर एकात एक मिसळले. तेवढ्यात गिटारीच्या मानेत लाकूड टक्कन वाजलं आणि चीर आणखी थोडी सरकली.

इकबालने पेटीचा भाता मिटला.

"आमच्यात आत्मा मानत नाही, भाऊ," कांताबाई हळूच म्हणाल्या.

"आमच्यातही गेलेला माणूस माघारी येत नाही, वहिनी."

"मंग हे... कोण करून राह्यलं?"

इकबालने आपल्या कामाचं तेवढं सांगितलं. असंच चाललं तर महिन्याभरात मान मोडेल आणि मग ती सांधता येणार नाही. सांधायची असेल तर सगळ्या तारा काढून, सरस भरून, सायकलच्या ट्यूबने आवळून आठ दिवस ठेवावी लागेल.

"तारा काढल्या तर थो कुठी जाईन, भाऊ?"

दुरुस्ती राहू द्या, तशीच घरी न्या, असं इकबालच्या ओठांवर आलं होतं. पण मोडल्यावर तर काहीच उरणार नव्हतं, आणि ते कांताबाईंनाही कळत होतं. त्यांनी रंग उडालेल्या जागेवर हात ठेवला, ठेवूनच राहिली.

"काढा," त्या शेवटी म्हणाल्या. "लय राबला माह्यासाठी. आराम करू द्या त्याले."

इकबालने एकेक तार काढून कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. मग चिरेत सरस भरला आणि मान आवळली. आठ दिवस गिटार टेबलावर निमूट पडून होती. इकबाल रोज कुलूप उघडताना आधी तिच्याकडे बघायचा आणि सुटल्यासारखा श्वास घ्यायचा.

नवव्या दिवशी भर दुपारी कांताबाई आल्या. वीज नव्हती. इकबालने ट्यूब सोडली. सांधा असा बसला होता की बोट फिरवून कळू नये. खूप दिवसांनी आपलं काम त्याला आवडलं. कांताबाईंनी गिटार मांडीवर घेतली. डोळे भरून आले, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी सूर लावला. एकच सूर, दबक्या आवाजात, दुसऱ्या काळीवर.

भिंत वाजली.

मॅन्डोलिन, सतार, बुलबुलतरंग, टांगलेलं एकूण एक वाद्य त्याच सुरात मंद घुमत राहिलं. इकबाल उठला. मॅन्डोलिनच्या तारेला त्याने बोट लावलं. ती ताठ होती. सतारीचीही. सगळ्यांच्या तारा त्याने स्वतः ढिल्या केल्या होत्या. मॅन्डोलिनच्या मानेवर केसाएवढी चीर होती. काल नव्हती.

कांताबाईंचा चेहरा उजळला होता. लग्नाच्या वेळी तो असा दिसला असेल.

"अजून एक डाव म्हणू का, भाऊ?"

नको म्हणायला इकबालने तोंड उघडलं, पण त्या चेहऱ्याकडे पाहून त्याने मॅन्डोलिनवरचं बोट काढून घेतलं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा सूर लावला. भिंतीवर कुठेतरी लाकूड टक्कन वाजलं. मग त्याच्या शेजारचं.