गाणाऱ्या कॉम्प्युटरचे रविवार

जुना कॉम्प्युटर दोन्ही हातांनी कवटाळून तीन मजले उतरायचे, तर पायऱ्या दिसत नाहीत. ती पायाने चाचपडत दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत आली आणि वर येणाऱ्या माणसावर जवळजवळ आदळलीच.

"अहो, जपून! पेशंटला कुठे घेऊन चाललात?"

"भंगारात," ती धापा टाकत म्हणाली. "आणि जरा सरकता का? जड आहे हो."

तो सरकला नाही. उलट त्याने एका बाजूने कॉम्प्युटरला हात लावला. खांद्याला पिशवी, खिशात स्क्रूड्रायव्हर, केसांत कुठल्याशा यंत्रातली धूळ. चौथ्या मजल्यावरचा प्रिंटर दुरुस्त करायला निघाला होता म्हणे.

"बंद पडलाय, की तुम्हीच कंटाळलात?"

"सुरू व्हायला वीस मिनिटं घेतो. कोणीही कंटाळेल."

"म्हातारपणी उठायला वेळ लागतोच. म्हणून काय कोणी भंगारात देतं?"

तिला हसू आलं, पण ओझं हातात असताना हसणं परवडत नाही. त्याने विचारलं, घरात याचा काहीच उपयोग नाही का? आणि कोण जाणे कसं, पण जिन्यात उभ्या उभ्या, मध्ये कॉम्प्युटर धरून तिने त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्या कपाटात गाण्यांच्या एकशे ऐंशी सीडी, प्रत्येकीवर नंबर. पण वर्षभरापासून बाबांचे हात थरथरतात. प्लेअरमध्ये ठेवताना दोन सीडी पडल्या, ओरखडे उठले, आणि त्या दिवशी बाबांनी कपाट लावून टाकलं ते लावूनच टाकलं. तिने मोबाइलवर गाणी लावून दिली, तर म्हणाले, "छान आहेत गं. पण ही माझ्या कपाटातली नाहीत."

"आणि तुम्ही हा खाली नेताय?" तो म्हणाला. "वर चला. तुमच्या बाबांचं अख्खं कपाट याच्या पोटात घालू. बटण दाबलं की गाणं. सीडीला हात लावायचं कामच नाही."

प्रिंटरवाले शेजारी त्या दिवशी तासभर वाट बघत बसले.

काम रविवारी सकाळी करायचं ठरलं, कारण चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या तिला तेवढाच वार मोकळा. पहिल्या रविवारी त्याने कॉम्प्युटर उघडला, ब्रशने मूठभर धूळ काढली, नवी हार्ड डिस्क बसवली, आणि जिथे पूर्वी वीस मिनिटं लागायची तिथे वीस सेकंदांत पडदा उजळला. बाबांनी खुर्चीतूनच टाळी वाजवली. "इंजिनीअर, तुम्ही जेवून जायचं," त्यांनी फर्मान सोडलं. त्या दिवसापासून तो 'इंजिनीअर' झाला.

जेवताना बाबांनी त्याची चौकशी केली. तेव्हा कळलं, की त्याला दुसऱ्या शहरात एका हॉस्पिटलमध्ये यंत्रं सांभाळायची नोकरी लागली आहे. "सहा रविवार आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "तेवढ्यात सगळं करून देतो." तिने पानात आणखी भात वाढून घेतला आणि मग तो तसाच टाकला.

दुसऱ्या रविवारपासून सीडी आत घालणं सुरू झालं. बाबांचा नियम कडक होता. कपाटातून एका वेळी एकच सीडी निघणार, ती परत आपल्या जागी गेली की वहीत खूण होणार, मगच दुसरी. म्हणजे काम असं चाले — ती सीडी काढून त्याच्या हातात देई, तो ती कॉम्प्युटरला भरवी, आणि पाच मिनिटं दोघांनी नुसतं बसायचं. गाणी आत उतरत असताना करण्यासारखं काही नसतं… बोलण्याखेरीज. दिवसाला पन्नासेक सीडी, म्हणजे पन्नास वेळा पाच मिनिटं. एवढ्यात माणसं काय काय बोलतात! त्याला वांगं आवडत नाही, तिला लिफ्टची भीती वाटते, तो लहानपणी रेडिओ उघडून मार खात असे, ती गाडी चालवायला तीनदा शिकली आणि तीनदा विसरली. कधी सीडी देताना बोटांना बोटं लागायची. मग पुढची पाच मिनिटं दोघंही पडद्यावरचे आकडे मोजत बसायची.

तिसऱ्या रविवारी पडद्यावरच्या अक्षरांचा प्रश्न निघाला. तो अक्षरं वाढवत होता, बाबा डोळे बारीक करत होते. शेवटी तिने सूत्रं हातात घेतली. बाबांची खुर्ची बरोबर सहा फुटांवर ठेवली.

"बाबा, डावा डोळा झाका. वाचा."

"वा! इथेही दुकान उघडलंत?" तो म्हणाला. "माझेही डोळे तपासा ना."

"तुमचे चांगले आहेत."

"कधी बघितलेत?"

ती बाबांकडे वळली. "बाबा, आता उजवा झाका," ती म्हणाली, आणि बाबांनी आज्ञाधारकपणे दोन्ही डोळे झाकून घेतले.

चौथ्या रविवारी काम आटोपल्यावर तिने वही उघडून खुणा मोजल्या. फक्त तीसेक सीडी राहिल्या होत्या. पुढच्या रविवारी दुपारपर्यंत काम संपणार. काम संपलं की तो कशाला येईल? आणि सहाव्यानंतर तर शहरच बदलणार. इकडे बाबा खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरत बसलेले, सहा महिने गाण्यावाचून काढलेले. काम लवकर व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. आणि होऊ नये असंही, तितक्याच मनापासून.

मग पाचव्या रविवारी तिने घोटाळा केला. उरलेल्या सीडी तशाच ठेवल्या आणि दुसऱ्या कप्प्यातल्या, आधीच होऊन गेलेल्या सीडी पुन्हा एकेक करून त्याच्या हातात ठेवल्या. चांगल्या अठ्ठावीस! वहीत खूण करायच्या वेळी नुसतं पेन फिरवल्यासारखं केलं. ग्रंथपालाच्या लेकीने असं करावं! पण तो काही बोलला नाही. एकेक घेत गेला, कॉम्प्युटरला भरवत गेला, आणि पडद्याकडे बघत भराभर कसलंसं बटण दाबत गेला. निघताना म्हणाला, "थोड्या राहिल्या. पुढच्या रविवारी नक्की."

सहाव्या रविवारी सकाळी बाबांनी तिला हाक मारली.

"दुसरा कप्पा दोनदा झाला ना गं?"

तिने टेबलावरची वही मिटून बाजूला सारली.

"चाळीस वर्षं लोकांना पुस्तकं दिली मी. तेच पुस्तक आठवड्याभरात पुन्हा मागणारा वाचक पुस्तकासाठी येत नाही, बाळा. मला थांबायला काही नाही, दोन महिने थांबेन. पण त्याची गाडी मंगळवारी आहे."

"बाबा, चुकलं माझं. तुम्हाला ताटकळत ठेवलं."

"ते सोड. त्याला सांगितलंस का?"

तिने काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे काय, कसं, आणि तो नाही म्हणाला तर? मग हे सहा रविवारसुद्धा उरायचे नाहीत.

तो आला. उरलेल्या सीडी दुपारपर्यंत झाल्या. मग त्याने पिशवीतून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर दारावरच्या घंटीची मोठी बटणं बसवलेली, थरथरत्या बोटालाही चुकणार नाहीत अशी. वायर जोडली, फळी बाबांच्या मांडीवर ठेवली, सगळी बटणं दोनदोनदा समजावून सांगितली. बाबांचा हात हलत हलत गेला, तळव्यानेच त्यांनी पहिलं बटण दाबलं.

बासरी सुरू झाली. त्यांच्याच कपाटातली, पहिल्या कप्प्यातली, सात नंबरची. बाबांनी डोळे मिटले. त्यांची बोटं नेहमीसारखीच थरथरत होती, पण आज त्यांना त्याचं भान नव्हतं. तिला ते बघवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने पाणी प्यायच्या निमित्ताने तोही आला.

"दुसरा कप्पा मी मुद्दाम परत दिला होता," तिने एका दमात सांगितलं.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"सीडी आत गेली की कॉम्प्युटर विचारतो, ही तर माझ्याकडे आहे, पुन्हा कशाला? अठ्ठावीस वेळा विचारलं त्याने. अठ्ठावीस वेळा मी त्याला गप्प बसवलं."

"मग… बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही द्यायचं थांबवलं असतं."

तिने पेला पाण्याने भरला. मग तिने ठरवलं, की आता भ्यायचं नाही.

"परवा तुम्ही जाणार. नोकरी चांगली आहे, जायलाच हवं, मी अडवत नाही. पण तुम्ही गेलात की मला फार वाईट वाटणार आहे. कारण… तुम्ही मला आवडता. झालं, बोलले. हे घ्या पाणी."

त्याने पेला घेतला, एका घोटात रिकामा केला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"पाच तासांचा रस्ता आहे," अखेर तो म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी निघायचं आणि… म्हणजे, मला असं म्हणायचंय, की मी…"

"इंजिनीअर!" बाहेरून बाबांची हाक आली. "आवाज कुठून वाढवायचा हो?"

"उजवीकडचं शेवटचं बटण!" दोघं एकदमच ओरडली.

बासरी मोठी झाली. आणखी मोठी झाली. बाबांना खरं तर अगदी उत्तम ऐकू यायचं, पण बटण काही सुटेना. कपाटातल्या बशा किणकिणू लागल्या, ओट्याजवळ बोललेला शब्द दारापर्यंत पोहोचेनासा झाला. तेव्हा त्याला जे सांगायचं होतं, ते तिच्या अगदी जवळ येऊनच सांगावं लागलं.