सुईचं वळण

“राग आला, की आधी खाली बसायचं. जीभ टाळूला लावायची. उत्तर द्यायचं ते उद्या.” डॉ. ईरा साटम यांची ही ताकीद बांधवाडीत पोरासोरांनाही पाठ होती. तरी त्या सकाळी मासळीबाजारात गजा पाटणकर ती विसरला.

“गजाभाऊ, तुझ्या बापानं तरी कधी ताजी सुरमई विकली का रे?” एक गिऱ्हाईक हसत म्हणालं.

गजाने कोयता उचलला आणि हात वरच राहिला. त्याच्या गळ्याची कातडी आतून ताणली, फाटली, आणि काचेसारखी पांढरी सुई बाहेर आली. दुसरी डोळ्यातून. टोपल्यांवर रक्त उडालं. भोवतीची माणसं पळाली नाहीत. एकेक करून खाली बसली आणि डोळे मिटून श्वास घेऊ लागली.

सगुणाताई मयेकरही बसल्या. त्यांचा श्वास मात्र मुळी बदललाच नव्हता.

काही वर्षांपूर्वी समुद्र चढला तेव्हा वाडीभोवती ‘वाढबांध’ पेरला होता. त्यातले सूक्ष्म जीव खाऱ्या पाण्यातून क्षार घेऊन स्फटिकाचे थर चढवायचे आणि भिंत आपोआप वाढायची. मग बांधाचं दार कुणाच्या बाजूला, यावरून मयेकर आणि तारी या दोन आळ्या पहारी घेऊन भिडल्या. रघू तारीने ताईंच्या धाकट्या भावाच्या, अनंताच्या, पोटात पहार घातली आणि तीच उपसून भिंतीत हाणली. भगदाडातून आलेल्या लोंढ्यात रघूचीच लेक, शेवंती, वाहून गेली. भिंतीची भुकटी साऱ्यांच्या छातीत शिरली, रक्तात उतरली आणि तिथे जगली.

“रघ्याला सोडू नको, ताई,” ताईंच्या मांडीवर अनंता म्हणाला होता. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला होता.

कुणाची पहार कुणाला लागली, ते कोर्टात ठरलं नाही. मयेकर आळीतले दोघे रघूला मारायला धावले, ते वाटेतच आतून फाटले.

गजाला उचलून नेल्यावर ताई दवाखान्यात गेल्या.

“डॉक्टर, वस्तू एकच ना? मग भिंतीत पापुद्रा आणि माणसात सुई, असं का हो?”

“याला आम्ही वाढरूप म्हणतो. तुम्ही वळण म्हणा. मिठागरात मीठ सावकाश बसलं की टपोरा चौकोनी खडा होतो, घाईने आटवलं की भुगा. कड्यावरचं झाड वाऱ्याने आडवं वाढतं, त्याचंच बी दरीत पडलं तर सरळ उंच जातं. वळण लावते ती भोवतालची स्थिती. शांत रक्तात हा स्फटिक चपटा राहतो, त्रास देत नाही. राग आला की रक्तात एक द्रव्य सुटतं, ते त्याच्या बाजूंना चिकटतं. बाजू थांबतात, टोक तेवढं पळत सुटतं.”

“आणि माझ्या रक्तात?”

“सगळे पापुद्रेच!” डॉक्टर हसल्या. “तुम्हाला राग येतच नाही का?”

“येतो की. पण पहाटेचा जप आहे, उपास आहेत, चातुर्मासात मौन. आला राग की आत नीट बसवून ठेवायचा, इतकंच जमतं. एक विचारू? कुणी मुद्दाम टोचून बोललं आणि ऐकणारा मेला, तर?”

“ज्याला जीव घ्यायचाय, त्याच्या मनात आधी राग पेटेल ना? म्हणजे तोच आधी मरेल. म्हणून तर गाव शिल्लक आहे, ताई.”

“हो, तेही खरंच,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. रोज संध्याकाळी रघू आपल्या घराच्या दारात मान खाली घालून बसलेला दिसे. त्याच्यासमोर शेवंतीचं नाव कुणी काढत नसे, वैरीसुद्धा. ताईंनी किती वेळा विनवलं होतं, देवा, मला विसर पाड. निदान आज आपलं मन ढवळून निघेल, श्वास अडखळेल, आणि मग जायला नको, एवढीच आशा उरली होती.

श्वास अडखळला नाही.

“तुझ्याच पहारीने गेली रे ती, रघू,” त्यांनी ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. आवाज मऊच होता. “तुला हाका मारत होती. तू माझ्या भावाला मारण्यात गुंतला होतास.”

निरांजन शांत झालं. ताईंनी प्रसादाच्या शिऱ्याची वाटी पदराखाली घेतली, दार हलकेच ओढून घेतलं आणि तारी आळीची वाट धरली.