करडं मांजर, पूर्णविराम

शिंप्याच्या दुकानावरची नवी पाटी मी मान वाकडी करून वाचत होते. 'ग्रे' या शब्दाचं स्पेलिंग त्याने जी-आर-ए-वाय असं रंगवलं होतं. "चुकलंय," मी स्वतःशीच पुटपुटले. पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला रस्त्यातही चैन पडत नाही.

"नाही चुकलेलं," मागून आवाज आला. "ए घाला नाहीतर ई घाला... दोन्ही चालतात."

वळून पाहिलं. एक उंच तरुण, केस पावसाने चिंब, आणि छत्री मात्र काखेत मिटलेली. हसत तर असे होते, जणू पाटी यांनीच रंगवली होती.

"चालत असतील, पण शोभत नाही," असं सुनावून मी तरातरा ऑफिसात आले. खुर्चीत टेकते न टेकते तोच हे महाशय माझ्या टेबलासमोर हजर. आमच्या प्रकाशनाच्या मुख्य कचेरीतून आलेले नवे मुद्रितशोधक म्हणे हेच. सध्या एका पुस्तकापुरते. जमलं तर कायमचे, नाही जमलं तर आल्या पावली परत.

आमच्याकडे काम जोडीने चालतं. एकाने मोठ्याने वाचायचं, तेही स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारून, आणि दुसऱ्याने आपल्या प्रतीत ताडून बघायचं. ते वाचायचे. आवाज असा उबदार, की चुका शोधायच्या सोडून मी नुसतीच ऐकत बसायचे.

पुस्तक मुलांचं, इंग्रजी, आणि नशिबाने एका करड्या मांजराचं. म्हणजे पानोपानी 'ग्रे' आणि पानोपानी भांडण. ते ए सोडेनात, मी ई सोडेना. 'कलर'मधला यू ठेवायचा की गाळायचा, यात एक अख्खी दुपार गेली. 'जजमेंट'मधे जी नंतर ई हवा की नको, यावर आम्ही जिन्यात वाद घातला, आणि तो शब्द तर मांजराच्या गोष्टीत कुठेच नव्हता.

"दोन्ही बरोबर आहेत ना, मग भांडता कशाला गं?" आईने घरी विचारलं. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. खरं सांगायचं तर भांडण संपलं की ते उठून आपल्या टेबलाकडे जायचे, आणि मला करमायचं नाही.

शेवटी आमच्या संपादक बाई वैतागल्या. छपाईची घाई होती. त्यांनी पुस्तक मधोमध विभागलं, पहिला भाग मला दिला, दुसरा या महाशयांना. कुठलंही एकच स्पेलिंग धरा, म्हणाल्या, आणि तुमचं पटत नसेल तर सोमवारी यांना परत पाठवते.

ते जायला नको होते. पण तोंडाने माघार घेईन तर ती मी कसली! गुपचूप बसून माझ्या भागातल्या प्रत्येक ई चा मी ए केला. म्हटलं, राहू दे बाबा तुमचं खरं, पण तुम्हीही राहा.

सोमवारी बाईंनी दोघांना बोलावलं. टेबलावर पानं पसरलेली होती. पहिल्या अर्ध्यात सगळे ए. आणि दुसऱ्या अर्ध्यात, त्यांच्या भागात... सगळे ई. माझे ई!

"चूक माझी," मी म्हणाले.

"माझी आहे," ते म्हणाले.

"असं का केलंत?" बाईंनी मला विचारलं.

जीभ चावायला हवी होती, पण निघून गेलं. "हे परत जाऊ नयेत म्हणून."

ते माझ्याकडे बघतच राहिले. कान लालबुंद झाले होते, त्यांचेही आणि माझेही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, दोन्ही बरोबर असली की वाचणाऱ्याकडे बघायचं असतं. ही मुलं शाळेत ई शिकतात, म्हणून ई. आणि पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा मोठ्याने वाचायचं, एकत्र बसून. परत कोणी कुठे जात नाही.

अशी शिक्षा कुणालाही मिळो!

आम्ही खिडकीशी बसलो. काचेवर पाऊस रेंगाळत होता. ते वाचत होते, मी पेन्सिल धरून ऐकत होते. मांजर भिंतीवर चढलं, स्वल्पविराम, त्याने शेपूट फुगवली, पूर्णविराम. मग त्याच सुरात, नजर कागदावरून न उचलता ते म्हणाले, "मला तू आवडतेस, पूर्णविराम."

मी ओळ तपासली. सवयच ना... माझ्या प्रतीत असं काही छापलेलं नव्हतं.

"पूर्णविराम चुकलाय," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"तिथे स्वल्पविराम हवा. पुढे अजून बरंच आहे ना?"

"आहे..."

"मग थांबलास का?" मी म्हणाले. "वाच."